दोन बोटांचा मागोवा

दिंडोरी रस्त्याने नाशिकबाहेर पडताना म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. १९९८ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा घेतं. चंद्रपूरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा उद्याचा डॉक्टर काय वाचणार आणि तोंडी परीक्षेत कशाची उत्तरं देणार, याचा बराचसा भाग इथे ठरतो. २०१९ मध्ये या विद्यापीठाने एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या न्यायवैद्यक विषयातून ‘कौमार्याची लक्षणं’ हा भाग वगळला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्याआधी सविस्तर अहवाल लिहून दाखवलं होतं, की पाठ्यपुस्तकं पिढ्यानपिढ्या जे शिकवत आली त्याला शास्त्राचा आधार नाही. योनिपटल शाबूत आहे की फाटलेलं, आत किती बोटं सहज जातात, यावरून बाईचा आधीचा लैंगिक अनुभव सांगता येत नाही. पुस्तकांत खऱ्या कुमारिका आणि खोट्या कुमारिका अशी वर्गवारी होती. पुरुषांच्या कौमार्याचा धडा अर्थातच कुठे नव्हता.

हा विषय शिकलेला विद्यार्थी पुढे प्रसूती कक्षात उभा राहतो. तिथेही तर्जनी आणि मधलं बोट. पिशवीचं तोंड किती उघडलंय हे बोटांनी चाचपून सांगायला तो शिकतो. सिस्टर विचारते, ‘किती?’ आणि उत्तर येतं, ‘दोन बोटं.’ एका विषयात ही बोटं बाईची साक्ष खोटी पाडायला वापरली गेली, दुसऱ्यात तिला सुखरूप मोकळं करायला. पण जिच्यावर पूर्वी लैंगिक अत्याचार झाला आहे, तिच्या शरीराला हा विषयभेद कळतोच असं नाही. ही बोटं तिच्यापर्यंत कोणकोणत्या वाटांनी आली, ते बघायचं आहे.

आधी ती स्वतः. केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख असते, आधीची बाळंतपणं, गर्भपात, रक्तगट, हिमोग्लोबिन असतं. मामाने, शेजाऱ्याने, शिकवणीच्या सरांनी किंवा नवऱ्यानेच तिच्या शरीराशी काय केलं, याला तिथे जागा नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलामुलींनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. व्याख्या रुंद होती, हे मान्य. तरी त्यातल्या मुली आज बाळंतपणाच्या वयात आहेत. त्यातल्या अनेकींनी आईलाही काही सांगितलेलं नसणार, मग पहिल्यांदाच भेटणाऱ्या हाउसमनला कुठून सांगणार? काहींना तर ते नीट आठवतही नसतं. शरीराला मात्र आठवतं.

कळा वाढल्या की अंग आपल्या ताब्यात राहत नाही, हे प्रत्येकीचंच. जिचं अंग पूर्वी जबरदस्तीने ताब्यातून गेलं, तिला तो क्षण ओळखीचा वाटू शकतो. उताणं निजवलेलं, पाय वर अडकवलेले, कमरेखाली कपडा नाही, डोक्यावर दिवा, अनोळखी माणसं, आणि कानावर येणारी वाक्यं: सैल सोड, हलू नकोस, ओरडू नकोस, आता झालंच. यातलं एकही वाक्य वाईट हेतूने म्हटलेलं नसेल. पण हीच वाक्यं तिने पूर्वी ऐकलेली असू शकतात, वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाकडून.

नोरा रोड्स आणि सॅली हचिन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९९४ मध्ये लहानपणी अत्याचार झालेल्या स्त्रियांच्या प्रसूतीवर लिहिलं. त्यांना अशा बायकांच्या चार तऱ्हा दिसल्या. काही जणी झुंजतात: तपासायला आलेला हात झटकतात, टेबलावर वर सरकत जातात. काही जणी सगळं स्वतःच्या हाती ठेवायला बघतात, प्रत्येक गोष्टीचं कारण विचारतात आणि ‘फार हुशार पेशंट’ ठरतात. काही जणी पूर्ण शरण जातात. आणि काही जणी निघून जातात; म्हणजे टेबलावर त्या असतात, पण डोळे छताला लागलेले, हाक मारली तर ओ नाही. लेबर रूमच्या हिशेबात पहिल्या दोघी त्रासदायक आणि शेवटच्या दोघी शहाण्या. पेनी सिमकिन आणि फिलिस क्लॉस यांचं याच विषयावरचं पुस्तक २००४ मध्ये आलं. त्यांनीही या गप्प बायकांकडे लक्ष वेधलं, कारण प्रसूतीनंतर महिनोन्‌महिने दुःस्वप्नं पडणारी, बाळाला छातीशी घेताना अंग आक्रसणारी बाई पुष्कळदा त्यांच्यातली असते.

युरोपातल्या सहा देशांत २००८ ते २०१० दरम्यान सुमारे ७००० गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास झाला. अत्याचाराचा इतिहास असलेल्यांमध्ये बाळंतपणाची तीव्र भीती जास्त आढळली, आणि प्रौढ वयात लैंगिक अत्याचार सोसलेल्या पहिलटकरणींमध्ये आधीच ठरवून केलेल्या सिझरचं प्रमाणही जास्त. आपल्याकडे सिझर मागून घेणाऱ्या बाईला ‘कळा सोसायची तयारी नाही हल्लीच्या मुलींची’ असं म्हणून मोकळं होतात. ती नेमकं काय टाळते आहे, हे विचारत नाहीत. आणि हेही नोंदवायला हवं की काहींना बाळंतपण उलट बळ देऊन जातं. ज्या शरीराची घाण वाटत होती त्यातून एक धडधाकट जीव बाहेर आला, याचा अचंबा त्यांना पुढे पुरतो. तिथे पुष्कळ काही त्या खोलीतल्या माणसांवर अवलंबून असतं.

आता मागे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर काय आणि नाशिकच्या गावठाणातल्या वाड्यांत काय, बाळंतपण सुईणीच्या हातचं होतं. अंधारी खोली, उकिडवं बसणं, धरायला दोर किंवा जाऊबाईचा खांदा. सुईणीचा गौरव करायची मला घाई नाही. तीही आत हात घालायची, तो हात धुतलेला असेलच असं नव्हतं, आणि त्यापायी किती बाळंतिणी तापाने गेल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाही. एवढंच की सुईणीला घर ठाऊक असायचं. कोणत्या घरात कोणाला जपून राहावं लागतं, हे तिला न सांगता कळायचं. तिच्या तोंडून ते गावभर व्हायचं, ही त्याचीच दुसरी बाजू.

हात धुण्याची गोष्ट व्हिएन्नाची आहे आणि आपल्या मागोव्यात ती महत्त्वाची आहे. तिथल्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतिणी जास्त मरत, इतक्या की बायका दुसऱ्या विभागात घालण्यासाठी गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइसच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट येतात आणि त्याच हातांनी बायकांना आतून तपासतात. १८४७ च्या एप्रिलमध्ये त्या विभागातला मृत्युदर १८ टक्क्यांवर होता. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केल्यावर काही आठवड्यांत तो २ टक्क्यांच्या आसपास आला. ही कथा स्वच्छतेच्या विजयाची म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेच. पण एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: या बायका गरीब होत्या आणि फुकट उपचारांच्या बदल्यात त्यांचं शरीर शिकाऊ हातांसाठी उपलब्ध असे. हात स्वच्छ झाले, उपलब्धता तशीच राहिली. याच दशकात अमेरिकेत अलाबामाला जे. मॅरियन सिम्स गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया करून करून आपली तंत्रं बसवत होता. त्यातल्या अनार्का, लुसी आणि बेट्सी ही तीन नावं तेवढी इतिहासाला ठाऊक आहेत. त्यांना नाही म्हणण्याचा अधिकारच नव्हता. आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा पाया असा घातला गेला आहे, आणि ते मान्य करायला त्या शास्त्राने फार वेळ घेतला.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं आणि हे शास्त्र इकडे आलं. सक्तीची तपासणी मात्र वेगळ्या वाटेने आली. १८६४ च्या कँटोन्मेंट कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून वेश्याव्यवसायातल्या बायकांची नोंद आणि अंगतपासणी बंधनकारक केली. रोग सैनिकांकडून बायकांना होतो की बायकांकडून सैनिकांना, हा प्रश्न कायद्याला पडला नाही, तपासायचं बाईला. आपल्याकडे सरकारी हात बाईच्या आत गेला तो असा, कायद्याच्या बळावर आणि तिच्या भल्याशी काही संबंध नसताना. १८६८ चा हा कायदा वीस वर्षं टिकला.

त्याच काळात पुण्यात अगदी उलट विचार झाला होता. नवजात मुलाला मारल्याबद्दल काशीबाई नावाच्या तरुण विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं आणि पत्रकं लावून विधवांना कळवलं, की इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं हे तुमच्या मर्जीवर. जोतीरावांनी १८८४ मध्ये सरकारला दिलेल्या टिपणात तोवर ३५ विधवा आल्याचं म्हटलं आहे. १८७४ मध्ये तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला आणि पुढे तो डॉक्टर झाला. या विधवांपैकी कोण दिराकडून फसली, कोणावर सासऱ्याने हात टाकला, याचा पंचनामा होणार नाही, ही हमी त्या पत्रकात होती. अत्याचारातून आलेल्या गरोदरपणासाठी मराठी मुलखात कोणी जागा केली असेल तर ती पहिली ही. आजच्या प्रसूतिशास्त्राच्या वर्गात तिचं नाव घेतलं जावं असं मला वाटतं. समाजसुधारणेच्या धड्यात ती बंदिस्त झाली आहे.

१८९० मध्ये डॉक्टरांची बोटं पहिल्यांदा बाईच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. कलकत्त्यात फुलमणी दासी ही जेमतेम अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगात रक्तस्रावाने मेली. नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही, कारण मुलगी दहा वर्षांच्या वर होती. डॉ. मॉनेल मॅन्सेल यांच्या पुढाकाराने ५५ स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. त्यात त्यांनी स्वतः तपासलेल्या बालवधूंच्या जखमा एकेक करून लिहिल्या होत्या: फाटलेले अवयव, निखळलेली हाडं, मृत्यू. वय चौदा करा अशी त्यांची मागणी होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ते दहावरून बारा केलं. पुण्यात टिळकांनी सरकारी हस्तक्षेप म्हणून विरोध केला, आणि विरोधकांच्या तक्रारींत एक अशीही होती की आता घरंदाज बायकांची तपासणी कोर्टाच्या हुकमाने होईल. या भीतीत तथ्य होतं. फक्त ती भीती नवऱ्यांच्या वतीने व्यक्त होत होती.

या वादाच्या थोडंच आधी आनंदीबाई जोशी होऊन गेल्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षाच्या आगेमागे बाळंतपण, आणि मूल दहाव्या दिवशी गेलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. अमेरिकेला जाण्याआधी सेरामपूरच्या भाषणात त्यांनी आपल्या बायका पुरुष डॉक्टरला काही सांगत नाहीत, म्हणून इथे स्त्री डॉक्टर हव्यात, असं मांडलं होतं. तेव्हापासून आपण याला लाजेचा प्रश्न समजत आलो. स्त्री डॉक्टर नेमली की प्रश्न सुटला. तो तसा सुटलेला नाही, हे नाशिकच्या कुठल्याही मॅटर्निटी होममधून बाहेर आलेली बाई सांगेल. लाज वेगळी आणि दहशत वेगळी. हात बाईचा असला म्हणून दहशत कमी होतेच असं नाही.

कोर्टाची वाट दरम्यान स्वतंत्र चालली होती. फ्रान्समध्ये आंब्रवाझ तार्दिय आणि नंतर लेऑं तॉयनो या न्यायवैद्यकांनी बलात्काराच्या तक्रारीत शरीर कसं वाचायचं याची पद्धत बांधली. दोन बोटांच्या चाचणीचा उगम तॉयनोच्या १८९८ च्या पुस्तकाकडे दाखवला जातो. हिंदुस्थानात १८७२ च्या पुरावा कायद्याने तक्रारदार स्त्रीचं चारित्र्य वाईट असल्याचं दाखवून तिची साक्ष मोडायची मुभा बचावाला दिली होती. १९२० मध्ये जयसिंग मोदींचं न्यायवैद्यकाचं पुस्तक आलं, जे आवृत्तीमागून आवृत्ती निघत वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या कपाटात आजही आहे. कायद्याला चारित्र्य हवं होतं आणि वैद्यकाने ते बोटांनी मोजून दिलं.

याचा सगळ्यात कुप्रसिद्ध नमुना आपल्याच राज्यातला. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. दुसऱ्या दिवशीच्या वैद्यकीय तपासणीत अंगावर जखमा नाहीत, योनिपटल जुनंच फाटलेलं आणि आत दोन बोटं सहज जातात, अशी नोंद झाली. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये पोलिसांना सोडलं. मुलीला संभोगाची सवय आहे असा निष्कर्ष काढून. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला, आणि फिरवताना सांगितलेला मुद्दा असा, की भीतीपोटी निमूटपणे शरीर स्वाधीन करणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरचा निकाल उलटवून पोलिसांना निर्दोष सोडलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. तक्रारदाराच्या चारित्र्यावर बोट ठेवणारं पुरावा कायद्यातलं ते कलम जायला २००३ उजाडलं. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्त्रीच्या खासगीपणाचा भंग ठरवली. ३१ ऑक्टोबर २०२२ ला त्याच न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरण्याची ताकीद दिली आणि अभ्यासक्रमांतूनही ती काढायला सांगितलं. नाशिकचं विद्यापीठ तीन वर्षं पुढे होतं, हे खरंच कौतुकाचं.

पण मला अडवून धरतो तो नागपूर खंडपीठाचा मुद्दा. निमूट पडून राहणं म्हणजे संमती नव्हे, हे फौजदारी कायद्याच्या चर्चेत आपण पन्नास वर्षांत बऱ्यापैकी पचवलं. लेबर रूममध्ये ते अजून गेलेलं नाही. तिथे निमूट पडून राहणं म्हणजेच संमती. दाखल होताना नवऱ्याने किंवा सासूने अंगठा दिला, की पुढच्या बारा तासांतल्या प्रत्येक तपासणीची परवानगी त्यात आली असं धरलं जातं. रोड्स आणि हचिन्सन यांच्या त्या शेवटच्या दोन तऱ्हांच्या बायका इथे हरवतात.

लेबर रूममध्ये तपासण्या वाढल्या कशा, त्याचीही एक वंशावळ आहे. न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४-५५ मध्ये पिशवीचं तोंड तासागणिक किती उघडतं याचा आलेख काढला आणि बाळंतपणाला वेळापत्रक मिळालं. १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कॅसल यांनी त्यावर रेषा आखल्या: या रेषेच्या पलीकडे गेलं तर बाईला मोठ्या दवाखान्यात हलवा. दूरच्या आदिवासी भागासाठी ही रेषा वरदान होती. बाळ अडलेली बाई वेळेत कळली की जीव वाचतो. सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रातून बाईला कधी हलवायचं, हे ठरवायला आजही तीच रेषा कामाला येते. म्हणून तपासणीच नको असं कोणी म्हणू नये. प्रश्न संख्येचा आणि हातांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये पहिल्या अवस्थेत चार तासांनी एकदा तपासणी पुरेशी असल्याचं सांगितलं. शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयात मात्र एकाच कळेला एकाने पाहायचं, दुसऱ्याने खात्री करायची, तिसऱ्याने शिकायचं, असं घडत आलं आहे. व्हिएन्नाची आठवण येते ती इथे.

दुसरीकडे २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, आणि बाळंतपणं घरातून दवाखान्यात गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये दवाखान्यात होणारी बाळंतपणं ६४.६ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के. माता वाचल्या, यात शंका नाही. पण त्याबरोबर टेबल तेवढीच राहिली आणि बायका वाढल्या. पडदा नाही, शेजारच्या टेबलावर दुसरी, सिस्टर दोन आणि पेशंट आठ. अशा गर्दीत तोंडातून निघणारी वाक्यं देशभरातल्या अनेक अभ्यासांत नोंदली गेली आहेत. ओरडणाऱ्या बाईला ‘नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस’ हे त्यातलं नेहमीचं. जिला नवऱ्याजवळ जाताना ओरडायचीही मुभा नव्हती, तिला हे वाक्य कसं लागत असेल?

अशा बायका थोड्या नाहीत. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांत आणि ऊसतोडीला, द्राक्षबागांच्या कामाला जाणाऱ्या कुटुंबांत हे नवं नाही. १८९१ मध्ये बारावर आणलेलं वैवाहिक संमतीचं वय सर्वोच्च न्यायालयाने अठरापर्यंत नेलं ते ऑक्टोबर २०१७ मध्ये. म्हणजे कायद्याच्या नजरेत सतरा वर्षांची बाळंतीण ही आता अत्याचारपीडित असते आणि तिची खबर पोलिसांना देणं पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली डॉक्टरला बंधनकारक आहे. त्याचा उलटा परिणाम असा, की घरचे तिला आणतच नाहीत, किंवा वय वाढवून सांगतात. आणलीच तर डॉक्टरचं अर्धं लक्ष कागदांवर. ती मुलगी आपल्यावर काय झालं असं समजते, हे विचारायला सवड कोणाला? अठरापुढच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती तर फौजदारी कायद्यात बलात्कारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गर्भपातापुरती ती बलात्कार म्हणून मान्य केली. तेच मूल तिने वाढवलं आणि नऊ महिन्यांनी ती टेबलावर आली, तर त्या मान्यतेचा तिथे काही उपयोग नाही.

तपासणी वेगळ्या रीतीने करता येते, याचा पुरावा मथुराच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले आणि त्यातल्या जेमतेम ८ टक्के पूर्वी कधी तपासून घ्यायला गेल्या होत्या. आकडा गाजला. मला त्याहून लक्षणीय वाटतं ते हे, की ज्या बायका आतून तपासून घेत नाहीत असं सगळे छातीठोकपणे सांगत होते, त्याच बायका या वेळी आल्या. त्यांच्याशी आधी बोललं गेलं होतं, गावाशी बोललं गेलं होतं, कशासाठी तपासायचं ते सांगितलं होतं.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने २००० मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. तिथे दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांनाच शिकवलं, की पट्टी बांधताना घरात मार होतो का हे कसं विचारायचं. बाळंतपणाच्या बाबतीत मात्र विचारून सगळं बाहेर येईल अशी अपेक्षा ठेवू नये. कळा देणाऱ्या बाईला चौकशी नको असते. म्हणून प्रत्येक बाईचा असा इतिहास असू शकतो असं धरून वागायचं, हा या विषयातल्या जाणत्यांचा सल्ला मला पटतो. हात लावण्याआधी सांगायचं, तिने हो म्हणेपर्यंत थांबायचं, ती म्हणाली तर तपासणी मध्येच सोडायची, कुशीवर निजून तपासता येत असेल तर तसं तपासायचं, सोबत आई-बहीण असू द्यायची. सोबतिणीची परवानगी केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिली आहे. यात नवं यंत्र लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि दोन सिस्टर आणि आठ पेशंट या हिशेबात तो कुठून आणायचा, हे सल्ला देणाऱ्यांनी सांगितलेलं नाही.

अभ्यासक्रम पुढे जातो तसा मागेही येतो. २०१९ पासून एमबीबीएसला वर्तन, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कौमार्यचाचणी अशास्त्रीय असल्याचं विद्यार्थ्यांना शिकवायला सांगितलं. आणि ऑगस्ट २०२४ अखेरीस त्याच आयोगाच्या नव्या मार्गदर्शिकेत योनिपटलाचे प्रकार आणि कौमार्याचं न्यायवैद्यकीय महत्त्व पुन्हा अवतरलं. ओरड झाल्यावर आठवडाभरात ती मार्गदर्शिका मागे घेतली गेली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसूतीच्या नोंदींसाठी नवा तक्ता काढला. फिलपॉट आणि कॅसलच्या आलेखाचा हा थेट वारस. त्यात पिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं याआधीच्या ओळी अशा आहेत: सोबत कोणी आहे का, वेदना कमी करायला काही दिलं का, पाणी प्यायली का, कोणत्या स्थितीत आहे. रोड्स आणि हचिन्सन यांच्या चारही तऱ्हांच्या बायकांना या ओळींचा उपयोग होईल. तपासणीला तिने हो म्हटलं का, याची ओळ नाही. सगळ्यात खाली एक भाग आहे, बाईशी बोलून घेतलेल्या निर्णयांचा, आणि त्याखाली आद्याक्षरांचा रकाना. तो तपासणाऱ्याने भरायचा असतो.